अर्ध्या हाताची नोंद

परभणी,
५ ऑक्टोबर १९९३

चि. हेमास,

आशीर्वाद आहेतच. ते तू घेतेस की नाही ठाऊक नाही, पण द्यायला माझं काही जात नाही.

गुरुवारी पहाटे जमीन हलली तेव्हा तू जागी झालीस का? इथं मांडणीवरची भांडी खणखणली आणि तुझी आई अंगणात जाऊन उभी राहिली ती सूर्य वर येईपर्यंत आत यायला तयार नव्हती. मला म्हणाली, "सेलूला पत्र टाका. पोरगी एकटी राहती तिथं." म्हणून हे पत्र. खुशाल आहेस एवढं एका ओळीत कळवलंस तरी तिचा जीव भांड्यात पडेल. परभणीहून सेलू म्हणजे तासाभराची गाडी. या तासाभराला आपल्याला साडेतीन वर्षं लागली, आणि अजून आपण पोचलेलो नाही.

आता दुसरं. ते लिहावं की नको या विचारात अंगणात तीन चकरा मारून आलो. आईनं विचारलं, "काय झालंय?" म्हटलं, "पाय मोकळे करतोय."

येत्या ३१ जानेवारीला मी निवृत्त होतोय. गुरांच्या शस्त्रक्रियेचा विभाग, ती कोपऱ्यातली प्रयोगशाळा आणि त्यातली कपाटं दुसऱ्याच्या ताब्यात जातील. म्हशीच्या वारेतल्या पापुद्र्यावर मी पंधरा वर्षं घालवली, त्याचं पुढं काय हा प्रश्न आहे. औरंगाबादचे सर्जन डॉ. काशीनाथ यांच्या वॉर्डात भाजलेल्या बायका येतात. प्रत्येकीच्या कागदावर 'स्टो भडकला' असंच लिहिलेलं असतं. त्यांना हा पापुद्रा माणसांच्या जखमांवर लावून बघायचा आहे. जुवानं सोललेल्या बैलांच्या खांद्यांच्या माझ्या नोंदी त्यांना पसंत आहेत. पण त्यांच्या समितीचं म्हणणं, माणसावर पहिल्यांदा जिथं वापरला त्याची पूर्ण नोंद हवी आणि त्या माणसाची सही हवी. जानेवारीअखेरपर्यंत.

तो माणूस तू आहेस. हे तुला मी सांगायला नको.

साडेतीन वर्षांपूर्वी माझ्या व्याख्यानात तू सभागृहातून उठून गेलीस तो दिवस मी विसरलेलो नाही. पडद्यावर तुझ्या हाताचा फोटो आला, मनगटाजवळचे दोन तीळ दिसले, मी 'रुग्ण क्रमांक एक' म्हटलं आणि मागच्या रांगेत खुर्ची वाजली. पुढची अकरा चित्रं मी कशी दाखवली मला आठवत नाही. तुझी परवानगी घेतली नव्हती, ही चूक कबूल. पण तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस. त्या वयात बापाची परवानगी चालते, आणि बाप मीच होतो. बंबाचं उकळतं पाणी तुझ्या हातावर सांडलं त्या दिवशी घरात दुसरा कोणी डॉक्टर नव्हता. पापुद्र्याचा तुकडा एकच होता, तो पुरला तिथं लावला. कोपराला पुरला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

फॉर्म सोबत नाही. तू हो म्हटलंस की पाठवीन.

तुझा,
अप्पा


परभणी,
२८ ऑक्टोबर १९९३

चि. हेमा,

दत्तराव पोस्टमन आता मला लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणतात. परवा तर सायकलवरून उतरलेही नाहीत. रोज साडेअकराला मी फाटकात उभा असतो हे आता सगळ्या कॉलनीला माहीत झालंय. शेजारचे भगवानराव विचारत होते, "पेन्शनचे कागद यायचेत का?"

तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून फॉर्म पाठवतोय. परतीच्या पाकिटाला तिकीट लावलंय, पत्ता घातलाय. फक्त सही. सही करायला काय लागतं गं? पेनात शाई लागते. (हे वाक्य खोडणार होतो. राहू दे. माझा स्वभाव तुला नवा नाही.)

तुझी आई काल म्हणाली, "तुम्ही पोरीला खुशाली विचारायलात, का सही मागायलात?" म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, "दोन्ही एका पाकिटात मावत नसतंय." आणि शेंगा सोलत बसली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण ती बोलणं संपवून बसलेली असते.

माझ्यावर रागव, पण कामावर राग काढू नकोस. ते काम काय आहे हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू लहान होतीस, नंतर कॉलेजात गेलीस, नंतर बोलणंच बंद झालं. म्हैस व्याली की मागून वार पडते. त्या वारेत एक आतला पापुद्रा असतो, काचेसारखा पातळ, ओला असताना बोटाला चिकटणारा. रेडकू त्याच्या पिशवीत पोहत असतं. तो वेगळा काढायचा, मिठाच्या पाण्यात धुवायचा, मग साबणासारख्या एका सौम्य द्रावात दोन दिवस ठेवायचा. म्हशीच्या पेशी सगळ्या निघून जातात आणि नुसतं विणकाम उरतं. ती जाळी जखमेवर पसरली की आपल्याच अंगाची कातडी तिच्या आधारानं वाढायला लागते.

परसात आपण कारल्याला मांडव घालायचो, आठवतं? वेल मांडवावर चढतो, पसरतो. मांडव नसला तर वेल वाढत नाही असं नाही. वाढतो, पण जमिनीवर कसाही लोळतो, स्वतःतच गुंततो. जखमेचा व्रण म्हणजे तो गुंता. आणि पापुद्र्याचा हा मांडव असा गुणी आहे की वेल भरला की आपोआप विरून जातो, मागं काठीसुद्धा ठेवत नाही. पंधरा वर्षं मी एवढंच करतोय, मांडव घालतोय.

तुझ्या मनगटापासून कोपराच्या खालपर्यंतची कातडी बघ. तिथं भाजलं होतं हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

सही करून पाठव. डॉ. काशीनाथांचं दुसरं पत्र आलंय.

अप्पा


परभणी,
४ डिसेंबर १९९३

चि. हेमा,

दोन तारखेला मी सेलूला आलो होतो.

आईला सांगितलं, जिनिंगवाल्या एका शेतकऱ्याचा बैल लंगडतोय, बघून येतो. ती म्हणाली, "बैलाला माझाही नमस्कार सांगा." सकाळच्या गाडीनं आलो. स्टेशनपासून तुझ्या शाळेपर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग होती, रस्त्यावर कापूस सांडलेला, त्यातून वाट काढत आलो. शाळेसमोरच्या हॉटेलात बसलो. तुझा वर्ग रस्त्याकडेच आहे हे मला ठाऊक नव्हतं. खिडकी उघडी होती.

तू फळ्यावर गणित मांडत होतीस. फळ्याचा खालचा अर्धा भाग भरलेला, वरचा कोरा. आधी मला वाटलं, ही तुझी पद्धत असेल. मग तू डाव्या हातानं एक स्टूल ओढलंस, त्यावर चढलीस आणि वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिलीस. मुलं हसली नाहीत. एका मुलीनं न सांगता स्टूल धरलं होतं. म्हणजे हे रोजचंच आहे.

तुझी उंची माझ्याएवढी आहे. उजवं कोपर सरळ झालं असतं तर तुझा हात फळ्याच्या चौकटीला लागला असता.

मी तीन चहा प्यालो. हॉटेलवाल्यानं विचारलं, "साहेब, कुणाला भेटायचंय का?" म्हटलं, गाडीला वेळ आहे. गाडी येऊन गेली होती हे त्यालाही माहीत होतं. मधल्या सुट्टीची घंटा झाली, तू वऱ्हांड्यात आलीस, आणि मी पैसे टेबलावर ठेवून मागच्या दारानं निघालो. भ्यालो. एकोणसाठ वर्षांचा माणूस, आयुष्यभर मारक्या वळूंच्या पुढं उभा राहिलेला.

घरी आल्यापासून एका जागी बसवत नाही. रेडिओ खोलून ठेवलाय, जोडता येत नाहीये. काल प्रयोगशाळेत जुनी नोंदवही काढली. तुझ्या नोंदीची दोन पानं आहेत. त्यात काय आहे हे मला पाठ आहे, तरी वाचली.

पहिल्या पत्रात मी एक वाक्य लिहिलं होतं, तुकडा एकच होता असं. त्याबद्दल लिहायला बसलो होतो. तिसऱ्यांदा कागद फाडला.

अप्पा


परभणी,
२१ डिसेंबर १९९३

चि. हेमा,

काल चुडाव्याला जाऊन आलो. तुला लिहायचं ते लिहिता येईना, तेव्हा म्हटलं, दुसरं एक देणं आहे तिथून सुरुवात करावी.

तुझ्या हातावर लावलेला पापुद्रा कुठून आला होता, हे तुला माहीत नाही. तुझ्या आईलाही नाही. १९७८ च्या डिसेंबरात चुडाव्याच्या किशनरावांची म्हैस अडली म्हणून मला बोलावणं आलं होतं. रेडकू सुखरूप निघालं, वार पडली, चांगली मोठी, स्वच्छ. मला ती हवी होती. पण तुला आपल्याकडची रीत ठाऊक आहे. वार कुत्र्यानं खाल्ली तर म्हैस आटते म्हणतात, म्हणून ती काडाच्या पेंढीत बांधून वडाला टांगायची. वडाला चीक, तसं म्हशीला दूध. किशनरावांची सून बायनाबाई, नवीनच लग्न झालेली, पेंढी बांधायला लागली. मी म्हणालो, "द्या इकडं. स्टेशनच्या वाटेवर वड आहे, मी बांधतो." डॉक्टर स्वतः बांधतो म्हटल्यावर तिला कोण कौतुक वाटलं. वार मी डब्यात घातली आणि वडाला नुसत्या काडाची पेंढी टांगून गाडीत बसलो. गाडीत हसूही आलं होतं मला. खरं सांगत बसलो असतो तर अर्धा दिवस गेला असता, आणि एवढं करून नाही म्हणाले असते तर?

काल गेलो तर बायनाबाई ओसरीवर गहू निवडत होती. कानाजवळचे केस पिकलेत. म्हटलं, ओळखलं का?

"न वळखायला काय झालं? टोपीवाले डाक्टर तुमी. आमच्या म्हशीची वार नेलती तुमी."

मी उभाच राहिलो. ती म्हणाली, "बसा की. आठ दिवसांत माकडांनी पेंढी फाडली. आत नुसतं काड. सासूबाई म्हनल्या, सुनंनं वार कुत्र्याला घातली अन् डाक्टरला रिकामी पेंढी दिली. फुडं दोन म्हयन्यांत म्हैस आटली. वरीसभर ताटावर बसले की त्येच ऐकत व्हते मी."

"मी नेली म्हणून सांगितलं का नाही?"

"कुनाला सांगू? शिकलेला मानूस वार कशाला नेईल, म्हनल्या असत्या."

म्हैस आटण्याचा आणि वारेचा काही संबंध नाही. कास सुजली असेल, चारा कमी पडला असेल. हे सगळं मी तिला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. वर्षभर तिच्या ताटापुढं शास्त्र सांगायला मी नव्हतो. मग मी तिला तुझ्या हाताचं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"लेकीला लावली व्हय? मग, झाली का बरी?"

"अर्धी."

 मला राहवलं नाही, विचारलं, "त्या दिवशी मी मागितली असती, तर तुम्ही दिली असती का?"

"दिली असती का न्हाई, त्ये मी ठरवलं असतं की. तुमी कामून ठरवलं?"

आवाज चढवला नाही तिनं. आत जाऊन चहा केला, त्याच म्हशीच्या नातीच्या दुधाचा, असं सांगून हातात दिला. तो मी प्यालो. लय गोड होता.

हेमा, तुकडे दोन होते. दोन बाटल्यांत दोन. एवढ्या मोठ्या म्हशीच्या वारेतून एकच तुकडा निघेल का? तू लहानपणी गोठ्यात फिरलेली पोर. तुला हे केव्हाच कळलं असेल असं आज पहिल्यांदा मनात आलं आणि पेन खाली ठेवावं लागलं.

अप्पा


परभणी,
१२ जानेवारी १९९४

हेमा,

विद्यापीठाचं नामांतर होणार अशी कुणकुण आहे. चौकाचौकात पोलीस उभे आहेत. एसट्या कधीही बंद होतील म्हणतात, म्हणून हे आजच टाकतोय.

काल सितारामकडं गेलो होतो. माझा जुना परिचर. तुला तो खांद्यावर घेऊन गोठा दाखवायचा. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, नामांतराच्याच दंगलीत, त्याची वस्ती जाळली, तेव्हा तो गाव सोडून आपल्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत राहायला आला होता. तुझ्या हाताला पापुद्रा लावला त्या दिवशी माझ्याबरोबर तोच होता. म्हटलं, "सिताराम, त्या दिवशी काय झालं ते तुझ्या तोंडून ऐकायचंय." तो दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "साहेब, तुमाला आठवतंय ना? मग मला कशाला इचारायलाव?"

आठवतंय. लिहितो.

१९७९ च्या जानेवारीत तुझ्या हातावर पाणी सांडलं. मनगटापासून कोपराच्या वर चार बोटं. सरकारी दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांना म्हणालो, पट्ट्या मी घरी करीन. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला झोपेची गोळी दिली. तुझ्या आईला बघवणार नाही म्हणून तिला शेजारी पाठवलं. सितारामनं दोन्ही बाटल्या आणल्या. मी जांभळ्या औषधानं तुझ्या हातावर, कोपराच्या खाली, एक रेघ ओढली. रेघेच्या खाली पापुद्रा. रेघेच्या वर साधी जाळीदार पट्टी.

सिताराम म्हणाला, "साहेब, दुसरी बाटली हाय की. कोपरालाबी लावू."

लावली नाही. बैलांच्या खांद्यांवर मी असंच करत होतो. एकीकडं पापुद्रा, एकीकडं साधी पट्टी, म्हणजे फरक दिसतो. फरक दाखवल्याशिवाय कुणी मानत नाही. हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. पूर्ण असं की पापुद्रा कुठल्या भागाला लावायचा आणि साधी पट्टी कुठल्या, हे मी निवडलं होतं. कोपर हलतं. हलत्या जागी पापुद्रा सरकतो, सुरकुततो, निकाल बिघडतो. हाताचा सपाट भाग सोपा. म्हणून जिथं तुला त्याची सगळ्यात जास्त गरज होती तिथं मी साधी पट्टी लावली, आणि जिथं माझं काम छान दिसेल तिथं पापुद्रा. वेलाला मांडव हवा होता सांध्यावर, मी घातला मैदानात.

तीन महिन्यांनी फोटो काढला तेव्हा खालचा भाग असा सुंदर भरून आला होता की मला आनंदानं झोप लागली नव्हती. हे लिहिताना लाज वाटतेय, पण वाटला होता आनंद. कोपर आखडत चाललंय हे दिसत होतं. म्हटलं, वयात आली की सैल पडेल. सभागृहात फोटो दाखवला तो कोपराच्या खाली कापलेला होता. तुलना करायची म्हणून तुझा अर्धा हात तसाच ठेवला, आणि दाखवायच्या वेळी तोच अर्धा कापून टाकला. म्हणजे तो निव्वळ वाया घालवला मी. शास्त्रालाही दिला नाही, तुलाही दिला नाही.

परवा तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती चूल सारवत होती. हात थांबले नाहीत तिचे. म्हणाली, "पोरीचा हात होता तो. वासराचा नव्हता." तेव्हापासून बोललेली नाही. ताट वाढते, बाजूला बसत नाही.

डॉ. काशीनाथांना आज कळवलंय की पहिल्या रुग्णाची नोंद अपुरी आहे आणि मी ती मागं घेतो. बाकीच्या वह्या बांधून कपाटात ठेवतो. कुणाला हव्या असतील तर माझ्यानंतर काढतील. सही पाठवू नकोस. फॉर्म फाडून टाक. पाकिटावरचं तिकीट कोरं आहे, ते तुझ्या कामाला वापर.

मला तुझ्याकडून काही नको. हेही पूर्ण खरं नाही. तू एकदा घरी यावंस एवढं हवंय, आणि ते मागायचा हक्क माझ्याकडं उरलेला नाही हे कळूनही हवंय.

अप्पा


सेलू,
१९ जानेवारी १९९४

ती. अप्पांस,

शाळा चार दिवस बंद होती, एसट्याही. तुमचं बारा तारखेचं पत्र काल मिळालं. आधीची चारही मिळाली होती. वाचली होती. दोन डिसेंबरला हॉटेलात बसलेला टोपीवाला माणूसही मला दिसला होता. वऱ्हांड्यात आले ती त्यासाठीच. तोपर्यंत टेबल रिकामं झालं होतं.

तुम्ही सगळं लिहिलंत असं तुम्हाला वाटतंय. सिताराममामा काय म्हणाले ते लिहिलंत. त्यावर तुम्ही काय म्हणालात ते लिहिलेलं नाही. कदाचित आठवत नसेल. मला आठवतं, कारण मी झोपले नव्हते. गोळी कडू होती. ती मी गालात धरून ठेवली आणि तुम्ही हात धुवायला वळलात तेव्हा गादीखाली टाकली. मग डोळे मिटून पडून राहिले. लागत होतं, पण झोपलेल्या माणसानं ओरडायचं नसतं म्हणून ओरडले नाही. सिताराममामा म्हणाले, दुसरी बाटली आहे, कोपरालाही लावू. तुम्ही म्हणालात, "राहू दे रे, घरचीच आहे."

पंधरा वर्षं मी या एका वाक्याचा अर्थ लावतेय. घरची आहे म्हणून पापुद्रा लावला, आणि घरचीच आहे म्हणून अर्धा ठेवला.

सभागृहातून मी उठले ती माझा हात पडद्यावर दिसला म्हणून नाही. अर्धाच दिसला म्हणून. मला वाटलं होतं, आज तरी तुम्ही कोपर दाखवाल. मी त्यासाठीच आले होते. मैत्रिणीलाही घेऊन आले होते.

तुम्ही मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं का? तेव्हा तुमच्या प्रयोगशाळेच्या किल्ल्या मी गळ्यात घालून मिरवायची. कदाचित दोन्ही हात पुढं केले असते. कदाचित रडून घर डोक्यावर घेतलं असतं. आता मलाही सांगता येत नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागतं. चुडाव्याच्या बाई बरोबर बोलल्या. त्यांना माझा नमस्कार कळवा.

वह्या कपाटात ठेवू नका. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईला गेल्या वर्षी औरंगाबादला नेलं होतं, त्याच 'स्टो भडकला'मध्ये. ती परत आली. मान खांद्याला चिकटलेली आहे. भाजी घ्यायला येते तेव्हा सगळं अंग फिरवून बघते. तुमच्या मांडवाचा तिला उपयोग झाला असता की नाही मला कळत नाही, पण बघायला तर हवं होतं. तुम्ही चुकलात म्हणून तिनं का भोगायचं?

फॉर्म फाडलेला नाही. सही केली आहे आणि खाली आजची तारीख घातली आहे, १९७९ ची नाही. त्या दिवसाची परवानगी मी आज देऊ शकत नाही. ती कुणीच देऊ शकत नाही. समितीनं विचारलं तर हेच सांगा. आणि ज्या बायकांना हे लावतील त्यांना आधी त्यांच्या भाषेत विचारावं, नाही म्हटल्या तर नाही, असं डॉक्टर काशीनाथांकडून लिहून घ्या. तुम्हाला ते जमत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून सांगते.

नोंद नव्यानं लिहायची. 'रुग्ण क्रमांक एक' नको. हेमा दिनकर चारठाणकर, वय अकरा, असं लिहायचं. दुसरी बाटली होती हे लिहायचं. सिताराममामांचं पूर्ण नाव घालायचं आणि ते काय म्हणाले तेही. म्हैस कुणाची होती तेही. आणि तुम्ही काय म्हणालात ते, त्याच शब्दांत. तुमच्या अक्षरात. मी तपासणार आहे, रोज चाळीस वह्या तपासते.

रविवारी सकाळच्या गाडीनं येते. स्टेशनवर येऊ नका, मी रिक्षा करीन. आईला म्हणावं, अबोला माझ्यासाठी धरला असेल तर तो मी येईपर्यंत सोडू नको, मलाही बघायचाय. कॉलेजातला तो जुना कॅमेरा घरी आणून ठेवा. फोटो अंगणात उजेडात काढायचा, खांद्यापासून बोटांपर्यंत. हात सरळ होत नाही. तो ओढून सरळ करायचा नाही, आहे तसाच घ्यायचा. कॅमेऱ्यात रोल भरून ठेवा.

हेमा